रेफरीच्या शर्टाचा रंग कोण ठरवतं?

फुटबॉलचा रेफरी शर्ट निवडतो तोवर बाकी सगळ्यांचे रंग ठरलेले असतात. यजमान संघ, पाहुणा संघ आणि दोन्हीकडचे गोलकीपर. या सगळ्यांच्या रंगांना टाळून जो उरेल, तो त्याचा. फुटबॉलच्या नियमावलीतला चौथा नियम तसंच सांगतो: दोन्ही संघ एकमेकांपासून आणि सामना अधिकाऱ्यांपासून वेगळे ओळखू आले पाहिजेत. यामागे शोभेचा प्रश्न नाही. दबावात सापडलेला खेळाडू मान वर न करता, डोळ्याच्या कोपऱ्यात दिसलेल्या रंगाकडे पास देतो. तिथे रेफरी निघाला तर हल्ला वाया गेला.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता, कारण रेफरी मैदानात नसायचा. प्रत्येक संघ आपापला अंपायर आणायचा आणि दोघांचं जुळलं नाही तर बाहेर थांबलेल्या रेफरीला विचारलं जायचं. १८९१मध्ये रेफरी मैदानात आला आणि अंपायर कडेला जाऊन लाइन्समन झाले. आत आला तो मात्र आपल्या नेहमीच्या प्रतिष्ठित कपड्यांतच. १९३०च्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं छायाचित्र पाहा. माँटेव्हिडिओत उरुग्वे आणि अर्जेंटिनाच्या कर्णधारांसोबत बेल्जियमचे रेफरी जॉन लँगेनस उभे आहेत: अंगात कोट, गळ्यात टाय, गुडघ्याखाली आवळलेली सैल विजार आणि लांब मोजे. अशा वेशात त्यांनी नव्वद मिनिटं धावपळ केली, याचं मला आजही मनापासून कौतुक वाटतं.

कोट गेला, गडद रंग राहिला. पांढरी कॉलर आणि पांढऱ्या कफचा काळा शर्ट दुसऱ्या महायुद्धानंतर रुळला. इंग्लिश लीगमध्ये तो पहिल्यांदा घालण्याचं श्रेय इंग्लिश रेफरी केन अ‍ॅस्टन यांना दिलं जातं. पिवळ्या आणि लाल कार्डांची कल्पनाही त्यांचीच. १९७०च्या मेक्सिको विश्वचषकात ती कार्डं आली आणि शर्टाच्या खिशाला नवं काम मिळालं.

काळा रंग इतकी वर्षं टिकला तो सोयीमुळे. बहुतेक संघ लाल, निळे, पांढरे, पिवळे घालायचे, त्यामुळे काळा कोणाशी फारसा भिडत नसे. पण याची दुसरी बाजू म्हणजे काळा जणू रेफरीच्या नावावर लिहून दिला होता. संघांनी त्यापासून लांब राहायचं.

ही कोंडी नव्वदच्या दशकात फुटली. १९९२मध्ये इंग्लंडची प्रीमियर लीग सुरू झाली ती हिरव्या शर्टातल्या रेफरींसह. १९९४च्या अमेरिकेतल्या विश्वचषकात फिफानेही काळ्याशिवाय इतर रंगांना दार उघडलं. रेफरीने काळा सोडताच तो संघांना मोकळा झाला. १९९३मध्ये मँचेस्टर युनायटेडने बाहेरच्या सामन्यांसाठी काळा पोशाख आणला, तो यामुळेच शक्य झाला. परंपरा तुटली म्हणून हळहळणारे अजून भेटतात. मला तो बदल योग्यच वाटतो. रेफरी खेळाडूंपासून वेगळा दिसायला हवा, आणि त्यासाठी एकाच रंगाला चिकटून राहण्याची गरज नाही.

तरी चूक व्हायची ती होतेच. पूर्वी चेंडू रेफरीला लागला तरी खेळ चालूच राहायचा. २०१९पासून त्या धक्क्याने चेंडूचा ताबा बदलला, आशादायक हल्ला सुरू झाला किंवा थेट गोल झाला, तर खेळ थांबवून ड्रॉप बॉल दिला जातो, म्हणजे रेफरी हातातला चेंडू जमिनीवर सोडून खेळ पुन्हा सुरू करतो.

आज रेफरीच्या बॅगेत काळा, पिवळा, लाल, निळा, हिरवा असे निरनिराळे शर्ट असतात. सामन्याआधी संघांचे आणि गोलकीपरचे पोशाख शेजारी ठेवून पाहिले जातात. दोन गोलकीपरचे शर्ट एकाच रंगाचे निघाले आणि कोणाकडेच दुसरा नसेल, तर नियम खेळू देतो. अधिकाऱ्यांना मात्र दोन्ही संघांपासून वेगळं दिसावंच लागतं, शिवाय रेफरी आणि दोन्ही सहायक (पूर्वीचे लाइन्समन) एकाच रंगात उतरतात. त्यामुळे तिघांपैकी एकाने पिवळा घरी विसरला, की उरलेल्या दोघांनाही पिवळा बॅगेतच ठेवावा लागतो.