मिश्र वापराच्या इमारतीतील शाश्वत रचना

कार्यालये आणि घरे एकाच इमारतीत असताना ऊर्जा, पाणी, जागा आणि बांधकाम साहित्य कमीत कमी खर्ची पडावे, अशा बेताने केलेली आखणी. सौर पॅनेल, दुहेरी काचेच्या खिडक्या, पावसाच्या पाण्याची साठवण हे उपाय कुठल्याही इमारतीत करता येतात. येथे खरा फायदा मिळतो तो दोन्ही वापरांच्या वेळा आणि गरजा वेगळ्या असल्यामुळे.

कार्यालयांची विजेची मागणी दुपारी शिगेला पोहोचते, घरांची सकाळी थोडी आणि संध्याकाळनंतर जास्त. दोन्ही एकाच यंत्रणेवर असतील, तर इमारतीची कमाल मागणी ही दोन स्वतंत्र कमाल मागण्यांच्या बेरजेपेक्षा कमी भरते. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर आणि शीतकरण यंत्रे लहान क्षमतेची पुरतात. वाहनतळाचेही तसेच: दिवसा कर्मचाऱ्यांनी वापरलेल्या जागा रात्री रहिवाशांना मिळतात, म्हणजे तळघर कमी खणावे लागते. छतावर तयार झालेली वीज दुपारी कार्यालयांतच खपून जाते. मात्र उंच इमारतीला छत थोडे आणि मजले पुष्कळ. त्यामुळे पॅनेलचा एकूण वापरातील वाटा जाहिरातीतल्या चित्रावरून वाटतो त्याहून बराच कमी असतो.

उष्णतेची देवघेव अधिक कसबाची आहे. माणसे, दिवे आणि संगणक यांच्यामुळे कार्यालय आतून तापते. सर्व्हरची खोली तर वर्षभर थंड ठेवावी लागते. ही उष्णता बाहेर सोडून देण्याऐवजी हीट पंपाने, म्हणजे कमी तापमानाच्या जागेतील उष्णता उचलून जास्त तापमानाला नेणाऱ्या यंत्राने, घरांच्या गरम पाण्यासाठी वापरता येते. ती मिळते दुपारी आणि आंघोळीचे पाणी लागते सकाळी, म्हणून उष्णतारोधक आवरणाच्या मोठ्या टाक्या बसवतात. साठवलेल्या पाण्यात न्यूमोनियासारखा आजार करणारे लीजिओनेला जिवाणू वाढू नयेत यासाठी तापमान साधारण ६०° सेल्सियस राखतात. पण पाणी जितके जास्त तापवावे तितकी हीट पंपाची कार्यक्षमता घटते. हा तिढा पुरता सुटत नाही, तडजोडच करावी लागते.

पाण्याच्या बाबतीत जुळणी सोपी आहे. घरांतून आंघोळीचे आणि बेसिनचे कमी मळलेले पाणी भरपूर निघते. कार्यालयांत असे पाणी फारसे निघत नाही, पण फ्लशसाठी मागणी मोठी असते. वरच्या घरांतील पाणी शुद्ध करून खालच्या कार्यालयांत वापरले, की पिण्यायोग्य पाण्याची बचत होते. त्यासाठी दुहेरी नळव्यवस्था बांधकामाच्या वेळीच करावी लागते. नंतर भिंती फोडून ती बसवणे क्वचितच परवडते.

लंडनच्या दक्षिण भागातील बेडझेड ही २००२ मध्ये पूर्ण झालेली वसाहत या विचाराचे बोलके उदाहरण आहे. वास्तुविशारद बिल डन्स्टर यांनी घरे दक्षिणेकडे ठेवली, म्हणजे थंड हवेत त्यांना सूर्याची ऊब मिळते. मुळातच तापणाऱ्या कामाच्या जागा उत्तरेच्या सावलीत नेल्या. लाकडाच्या तुकड्यांवर वीज आणि उष्णता निर्माण करणारे तिथले संयंत्र मात्र नीट चालले नाही आणि काही वर्षांतच बंद पडले. दिशांची मांडणी अजूनही काम देते.

सांगाड्याकडे सहसा कमी लक्ष जाते. कार्यालयांना खोल, मोकळे मजले आणि दूरदूर खांब हवे असतात. घरांच्या खोल्यांना खिडकी लागते, म्हणून त्यांचा मजला अरुंद बरा. खांबांची जागा जिथे बदलते तिथे वरचा भार खालच्या खांबांवर नेणारा जाड स्लॅब किंवा अवजड तुळया घालाव्या लागतात. त्यातील सिमेंट आणि पोलाद यांच्या उत्पादनात झालेले कार्बन उत्सर्जन इमारत वापरात येण्यापूर्वीच होऊन गेलेले असते. शिकागोच्या १०० मजली जॉन हॅनकॉक सेंटरमध्ये (१९६० च्या दशकात उभारलेले, २०१८ पासून नाव ८७५ नॉर्थ मिशिगन अव्हेन्यू) इमारत वर निमुळती करून खालचे रुंद मजले कार्यालयांना आणि वरचे अरुंद मजले घरांना दिले आहेत. अभियंता फझलूर खान आणि वास्तुविशारद ब्रूस ग्रॅहम यांच्या या रचनेत बाहेरच्या तिरक्या पोलादी आधारांनी वाऱ्याचा भार पेलल्यामुळे पोलादही कमी लागले. शाश्वततेचा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता.

सर्वांत नाजूक भाग व्यवस्थापनाचा. कार्यालये बहुधा भाड्याची, घरे अनेकदा मालकीची. सामाईक यंत्रणेच्या दुरुस्तीचा खर्च कुणी किती द्यायचा, यावर वाद होतात. म्हणून वीज, गरम पाणी आणि शीतकरण यांचे स्वतंत्र मीटर, तसेच कार्यालयांकडून घेतलेल्या उष्णतेचा दर, हे तपशील करारातच ठरवून घ्यावे लागतात. एखादे मोठे कार्यालय रिकामे झाले, तर घरांना पुरणारी उष्णताही थांबते. त्यासाठी पर्यायी हीटर आधीपासून ठेवलेला असावा लागतो.