एक शिलालेख, अनेक वाचक : मुंबईतल्या मध्ययुगाच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

मध्ययुगीन संस्कृतीवर चर्चासत्र ठरलं की हल्ली पत्रिकेवर ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द असतोच. मुंबईत मात्र हा प्रघात विद्यापीठाच्याही आधीचा आहे. सर जेम्स मॅकिंटॉश या न्यायाधीशाने १८०४ मध्ये इथे लिटररी सोसायटी काढली. आजची एशियाटिक सोसायटी ती हीच. विद्यापीठ आलं १८५७ मध्ये.

या परंपरेतला माझ्या मते सर्वांत मोठा माणूस म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेले हे डॉक्टर रुग्ण तपासत, कुष्ठरोगावर औषध शोधत आणि त्याच तळमळीने ताम्रपट, शिलालेख वाचत. चाळीसगावजवळच्या पाटणचा यादवकालीन शिलालेख त्यांनीच अभ्यासकांपुढे आणला. शके ११२८ (इ.स. १२०६-०७) मधल्या एका दानाची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने मठ उभारला आणि त्या मठाला निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने हे दान दिलं.

लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ येते. मात्र बाजारातल्या मालावरचं कोणतं उत्पन्न मठाला द्यायचं, हे सांगायची वेळ येताच लेख मराठीत उतरतो. गणिताच्या इतिहासकाराला यात सिद्धांतग्रंथांची पाठशाळा दिसते, भाषेच्या अभ्यासकाला तेराव्या शतकाच्या उंबरठ्यावरची मराठी, तर अर्थव्यवस्थेच्या अभ्यासकाला पेठेतली करवसुली. त्यातला एक जरी गैरहजर असला, तरी दगडाचा तेवढा भाग मुका राहतो.

पुढे उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास लिहिला आणि त्यात यादवांच्या हेमाद्रीसारख्या निबंधकारांना, म्हणजे धर्मशास्त्रातली वचनं संकलित करणाऱ्या ग्रंथकारांना, न्याय दिला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी नाण्यांच्या वजनांना संख्याशास्त्र लावत. विद्याकराच्या ‘सुभाषितरत्नकोश’ या बाराव्या शतकाच्या आसपासच्या संस्कृत संग्रहाची संशोधित आवृत्तीही वि. वि. गोखले यांच्यासह त्यांनीच सिद्ध केली. वेगवेगळ्या अभ्यासपद्धती एकत्र वापरायला हव्यात हे त्यांनी हिरिरीने मांडलं, आणि हातात दगड-माती घेऊन करूनही दाखवलं.

खुद्द मुंबईच्या जमिनीतही असा ऐवज आहे. परळला सापडलेला शिलाहार राजा अपरादित्याचा शके ११०८ (इ.स. ११८६-८७) चा लेख पाहा. साष्टी बेटातल्या महावली गावच्या एका वाडीचं, म्हणजे बागेचं, २४ द्रम्मांचं उत्पन्न त्याने वैद्यनाथाच्या पूजेसाठी लावून दिलं. दान मोडणाऱ्याला शेवटी अस्सल मराठीत शिवी-शाप आहे. अशा शापासोबत गाढवाचं आणि स्त्रीचं चित्र कोरलेल्या दगडांना गद्धेगाळ म्हणतात. हे शाप पूर्वी असभ्य म्हणून बाजूला ठेवले जात. आज लोकसाहित्याचे आणि स्त्री-अभ्यासाचे लोक नेमके तेच प्रथम वाचतात. गावाच्या हद्दीवर शेंदूर लावलेला गद्धेगाळ कुणाला देव वाटतो, कुणाला अपशकुनी, हेही त्यांना नोंदवावंसं वाटतं. द्रम्म म्हणजे किती मोलाचं नाणं, हे सांगायला नाणकशास्त्रज्ञ लागतो आणि वाडीत काय पिकत असेल, याचा अंदाज साष्टीतल्या जुन्या बागाईतदारांकडूनच घ्यावा लागतो.