अलास्काच्या मूळनिवासींनी स्वतःसाठी घडवलेली कर्करोग तपासणी

मोठ्या आतड्याचा कर्करोग सहसा सावकाश येतो. आतड्याच्या अस्तरावर आधी पॉलिप नावाची लहानशी गाठ येते, तिच्या पेशींत जनुकीय बिघाड साचत जातात आणि तिचा कर्करोग होण्यास बहुधा दहा किंवा त्याहून अधिक वर्षे लागतात. त्याआधी कोलोनोस्कोपी करून, म्हणजे गुदमार्गातून कॅमेऱ्याची नळी घालून आतडे तपासून, गाठ काढली, तर पुढचे संकट टळते. तरीही युपिक, इन्युपियाक, अथाबास्कन, त्लिंगिट आदी अलास्काच्या मूळनिवासी समाजांत या कर्करोगाचे प्रमाण जगात नोंदवलेल्या सर्वोच्च प्रमाणांपैकी असून अमेरिकेतील गोऱ्या लोकांच्या सुमारे दुप्पट आहे. त्याची कारणे पूर्णपणे उलगडलेली नाहीत. तंबाखू आणि तंतुमय पदार्थांचा अभाव असलेला आहार यांच्याकडे संशोधकांचे लक्ष आहे, पण कारण कळेपर्यंत तपासणी थांबवून चालणार नव्हते.

आणि तपासणी हीच तेथे अवघड गोष्ट आहे. महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठ्या असलेल्या या राज्यात बहुतेक मूळनिवासी गावांपर्यंत रस्ताच पोहोचत नाही. लहान विमान, बोट किंवा हिवाळ्यात स्नोमोबाइल एवढेच मार्ग. कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी जुलाबाचे औषध घेऊन आतडे रिकामे करावे लागते. काही गावांत आजही नळाचे पाणी नाही आणि स्वच्छतागृहाच्या जागी बादली आहे, तर गावाला जोडणाऱ्या छोट्या विमानात शौचालय नसते. औषध घरीच घेऊन निघा, असा शहरी दवाखान्यात सहज दिला जाणारा सल्ला येथे निरुपयोगी ठरतो.

अशा अडचणी धोरणात उतरल्या, त्या निर्णय घेणारी माणसे बदलल्यामुळे. 1975 च्या एका कायद्याने अमेरिकेतील मूळनिवासी जमातींना स्वतःच्या सेवा केंद्र सरकारकडून ताब्यात घेऊन चालवण्याचा मार्ग मोकळा केला. त्याच वाटेने 1997 मध्ये अलास्का नेटिव्ह ट्रायबल हेल्थ कन्सॉर्टियम ही मूळनिवासींची आरोग्यसंस्था उभी राहिली आणि अँकरेज या अलास्कातील सर्वांत मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाचा कारभार काही वर्षांतच मूळनिवासींच्या संस्थांकडे आला. माझ्या मते जनजागृतीच्या कोणत्याही मोहिमेपेक्षा हा बदल मोलाचा आहे, कारण त्याने संशोधनासमोरचे प्रश्नच बदलले.

शौचातील लपलेले रक्त शोधणाऱ्या जुन्या रासायनिक चाचणीचेच पाहा. स्वस्त आणि सोपी म्हणून ती जगभर वापरली गेली. अलास्काच्या मूळनिवासींमध्ये मात्र हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे होणारा जठरदाह फार आढळतो. जठरातून झिरपणारे रक्तही शौचात उतरते आणि आतडे निरोगी असूनही चाचणी धोक्याचा इशारा देते. म्हणून कन्सॉर्टियमच्या संशोधकांनी मेयो क्लिनिक या अमेरिकी रुग्णालय-संशोधन संस्थेच्या सहकार्याने शौचातील बदललेला डीएनए ओळखणाऱ्या चाचणीची परीक्षा आपल्याच लोकांमध्ये घेतली. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या चाचणीने कर्करोग व धोकादायक पॉलिप मिळून 49 टक्के प्रकरणे पकडली, तर रक्त शोधणाऱ्या सुधारित चाचणीने 28 टक्के. अर्थात नमुना प्रयोगशाळेत ठराविक वेळेत पोहोचावा लागतो आणि धुके उतरले की विमान उडत नाही, ही अडचण विज्ञानाने सुटणारी नाही.

तपासणी सुरू करण्याच्या वयाच्या बाबतीतही त्यांनी इतरांची वाट पाहिली नाही. अमेरिकेत सर्वसाधारण शिफारस 50 वरून 45 वर्षांवर आली ती 2021 मध्ये. अलास्काच्या मूळनिवासींसाठी ती त्याआधीच 40 करण्यात आली होती. शिवाय रुग्णाच्या भावंडांना आणि मुलांना शोधून, फोन करून तपासणीस बोलावण्याचे काम नेमून दिलेले कर्मचारी करतात. गावपातळीवर आरोग्यसेवेचा भार वाहतात ते 170 हून अधिक गावांतील सामुदायिक आरोग्य सहायक. आपल्या आशाताईंसारखेच हे गावचेच लोक, मात्र त्यांना औषधोपचाराचेही प्रशिक्षण मिळते. त्यांना कर्करोगाविषयी शिकवताना व्याख्यानांबरोबर कथाकथन आणि नाट्यवाचन यांचा वापर होतो. ‘नोलन द कोलन’ नावाचे हवा भरून उभे राहणारे आतडे मेळाव्यांत नेले जाते. लोक त्याच्या आतून चालत जातात आणि निरोगी अस्तर, मग पॉलिप, मग कर्करोग असे टप्पे हाताच्या अंतरावर पाहतात. आतड्याबद्दल चारचौघांत बोलण्याचा संकोच तिथे हसण्यावारी जातो, आणि तेही काही कमी नाही.

नमुने देण्यामागे विश्वासाचाही प्रश्न असतो. ॲरिझोनातील हवासुपाई जमातीने मधुमेहाच्या संशोधनासाठी दिलेले रक्त विद्यापीठातील संशोधकांनी स्किझोफ्रेनियासारख्या इतर विषयांसाठीही वापरले. त्यावरचा खटला 2010 मध्ये तडजोडीने मिटला. अलास्कात संशोधनाचा आराखडा आणि छपाईपूर्व लेख जमातींच्या आरोग्यसंस्थांच्या मंजुरीतून जातात. काही संशोधकांना हा विलंब वाटतो, परंतु ज्यांच्या शरीरातला नमुना आहे त्यांना एवढे विचारलेच पाहिजे.

डीएनए चाचणी घरपोच मिळू लागली, तरी तिचा निष्कर्ष धोक्याचा आला की कोलोनोस्कोपी करावीच लागते. त्यासाठी पुन्हा विमानाचे तिकीट, शहरातला मुक्काम आणि सोबतीला माणूस हवा. चाचणीनंतरच्या या प्रवासाची सोय किती वेळेत होते, यावरच त्या चाचणीचा खरा उपयोग ठरतो.