ऐन थंडीतच का? स्नोड्रॉपवेड्यांच्या भेटीगाठींमागची गोष्ट

फेब्रुवारीतला एखादा शनिवार. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशरमध्ये कोल्सबॉर्न पार्क नावाची जुनी इस्टेट आहे, तिथे सकाळपासून माणसं येत राहतात. गमबूट, लोकरीच्या टोप्या, थंडीनं लाल झालेली नाकं. उतारावर स्नोड्रॉपची लाखो पांढरी फुलं असतात, पण खरे दर्दी त्या पसाऱ्याकडे फार वेळ बघत नाहीत. ते एखाद्या लहानशा बेटापुढे, म्हणजे एकत्र वाढलेल्या झुपक्यापुढे, चिखलात गुडघा टेकतात, वीतभर उंचीच्या फुलाची झुकलेली मान एका बोटानं वर करतात आणि आत डोकावतात. बाहेरच्या तीन पाकळ्या पांढऱ्या, आतल्या तीन आखूड आणि त्यांवर हिरवी खूण. ती खूण कमानीसारखी आहे की फुलीसारखी, एक की दोन, यावरून वाण ओळखायचा. लांबून बघणाऱ्याला सगळी फुलं सारखीच वाटतात. जवळून पाहिलं तरी बराच वेळ सारखीच वाटतात, हेही कबूल केलं पाहिजे.

एवढ्या गारठ्यात हा उद्योग का, तर फूल तेव्हाच येतं म्हणून. पण हे अर्धंच उत्तर झालं. या भेटी नुसत्या बघण्यासाठी सुरू झालेल्या नाहीत, त्या देवाणघेवाणीसाठी सुरू झाल्या. स्नोड्रॉपचे वाण नुसत्या पानांवरून ओळखणं फार अवघड, फूल असेल तेव्हाच खात्रीनं सांगता येतं. दुसरी गोष्ट कंदाची. हा कंद लहान असतो आणि उघड्यावर लवकर सुकतो. शरद ऋतूत विकत आणलेले कोरडे कंद कित्येकदा उगवतच नाहीत. त्यापेक्षा फुलताना किंवा फूल नुकतंच सरल्यावर, पान हिरवं असतानाच बेट उकरून वाटून दिलेलं चांगलं, असं बागवान पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. म्हणजे ओळखायचा हंगाम आणि उकरून द्यायचा हंगाम जवळजवळ एकच. पाहुणा फेब्रुवारीत आला तरच त्याला हवं ते दाखवता येतं आणि त्याच्या हातात ठेवताही येतं.

हवेचा लहरीपणा मात्र सोसावा लागतो. कडक दंव पडलं की फुलं जमिनीवर लोळण घेतात, सकाळी लवकर पोचलेल्याला वाटतं, मेलं सगळं. दुपारपर्यंत दंव वितळलं की तीच फुलं पुन्हा ताठ. पारा साधारण दहा अंशांच्या वर गेला की बाहेरच्या पाकळ्या पसरतात आणि काही वाणांचा मधासारखा वास येऊ लागतो. म्हणून या बागांत ऊन पडण्याची वाट बघत, हातात चहाचा कप धरून उभी राहिलेली माणसं हमखास दिसतात.

इंग्रजांनी इतकं आपलंसं केलेलं हे फूल मूळचं तिथलं नाही, असंच बहुतेक अभ्यासक मानतात. गॅलँथस या वंशाच्या वीसेक जाती पिरेनीज पर्वतापासून कॉकेशस आणि इराणपर्यंत पसरलेल्या आहेत. हिमालयात हे फूल नाही, त्यामुळे आपल्या भाषांमध्ये त्याला जुनं नावही नाही. ब्रिटनमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस ते बागांत होतं, जॉन जेरार्डच्या 1597च्या वनस्पतिग्रंथात त्याचं वर्णन सापडतं. रानात उगवल्याची नोंद मात्र थेट 1770च्या दशकातली. पडक्या मठांच्या आसपास स्नोड्रॉप भरपूर दिसतात, त्यावरून ते मठवासीयांनी आणले असं सांगतात. 2 फेब्रुवारीला मेरीच्या शुद्धीकरणाचा, मेणबत्त्यांचा सण येतो आणि फूल त्याच सुमाराला उमलतं, म्हणून ही गोष्ट पटतेही. पण ती जरा जास्तच नेटकी आहे. खरी असेल तर मधल्या काही शतकांत कुणीच ते फूल लिहून कसं ठेवलं नाही, हा प्रश्न उरतो. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसनं 1753 साली गॅलँथस निवालिस हे नाव छापलं. गॅलँथस म्हणजे दुधासारखं फूल, निवालिस म्हणजे बर्फातलं.

वेड म्हणावं असं काही सुरू झालं ते एकोणिसाव्या शतकात. क्रिमियाच्या युद्धावरून (1853–56) परतलेल्या सैनिकांनी तिथले रुंद, दुमडलेल्या पानांचे प्लिकॅटस जातीचे कंद आणल्याच्या कथा इंग्लंडमधल्या काही बागांत आजही सांगितल्या जातात. 1874 साली हेन्री जॉन एल्विस या जमीनदारानं तुर्कस्तानात स्मिर्नाजवळच्या डोंगरांत मोठ्या फुलांची एक जात पाहिली, तिला पुढे त्याचंच नाव मिळालं. कोल्सबॉर्न ही याच एल्विसची इस्टेट. हा माणूस पक्षी, फुलपाखरं आणि झाडांच्या मागे जगभर हिंडला, सिक्कीमलाही जाऊन आला. तरी त्याची बाग फक्त त्यानं स्वतः आणलेल्या कंदांवर उभी राहिली नाही. स्कॉटलंडमधल्या डमफ्रीजच्या सॅम्युएल अर्नट यांनी त्याला एक रोप पाठवलं. 'एस. अर्नट' नावाचा हा उंच, सुवासिक वाण आज जगातल्या सगळ्यात लाडक्या स्नोड्रॉपांपैकी एक आहे. पाठवला गेला, म्हणून नाव उरलं.

याची उलट बाजू सॉमरसेटमधल्या शेप्टन मॅलेटच्या जेम्स ॲलन यांच्या वाट्याला आली. जाणीवपूर्वक संकर करून स्नोड्रॉपचे नवे वाण घडवणारा हा पहिला माणूस मानला जातो. 1891 साली रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं स्नोड्रॉपवर परिषद भरवली, तीत ॲलन यांनी आपला निबंध वाचला. या छंदातल्या लोकांचा हा पहिला जाहीर मेळावा म्हणायला हरकत नाही. पुढे बुरशीनं आणि कंद पोखरणाऱ्या माशीच्या अळ्यांनी ॲलन यांचा बहुतेक संग्रह खाल्ला. 'मॅग्नेट' आणि 'मर्लिन' यांसारखे थोडे वाण आज दिसतात ते दुसऱ्यांच्या बागांत वाढत राहिले म्हणून. आपला दुर्मीळ वाण टिकवायचा तर तो शेजाऱ्याला देऊन ठेवावा, हे शहाणपण स्नोड्रॉपवाल्यांनी अशा नुकसानीतून घेतलं. औदार्य होतंच, पण त्यात विमाही होता.

'गॅलँथोफाइल', म्हणजे स्नोड्रॉपवेडा, हा शब्द ई. ए. बोल्स यांचा. एन्फिल्डच्या मिडल्टन हाउसमध्ये राहणारे हे गृहस्थ (1865–1954) स्वतःच्या वेडाकडे हसून बघणारे होते. विचित्र, वाकड्यातिकड्या झाडांसाठी राखलेल्या बागेतल्या एका कोपऱ्याला त्यांनी 'वेड्यांचं इस्पितळ' असं नाव दिलं होतं. त्यांनी हा शब्द एका पत्रात वापरला आणि तो रुजला. 1940च्या दशकात नॉरफोकमध्ये हेरिक ग्रेटोरेक्स दुहेरी फुलांचे संकर करत होते, शेक्सपियरच्या नायिकांची नावं त्यांना देत होते: ऑफिलिया, डेस्डेमोना, कॉर्डिलिया. सर फ्रेडरिक स्टर्न यांचा स्नोड्रॉपवरचा ग्रंथ 1956 साली आला.

दुसऱ्या महायुद्धानंतरची एक हकिकत मला फार आवडते. ग्लॉस्टरशरमध्ये हाइड लॉज नावाचं घर होतं, तिथे पूर्वी वॉल्टर बट नावाचे संग्राहक राहत. पुढे ब्रिगेडियर मथायस आणि त्यांच्या पत्नीनं ते घर घेतलं आणि आवारात 'एस. अर्नट'ची मोठाली बेटं त्यांना आयती मिळाली. दोघांनी 'जायंट स्नोड्रॉप कंपनी' काढली आणि 1950–60च्या दशकांत त्यांच्या कंदांनी शेकडो बागा भरल्या. फुकट वाटण्याच्या वस्तूला दुकानाची वाट मिळाली ती इथे.

तरीही खरा व्यवहार जेवणाच्या टेबलावरच होत राहिला. ऑक्सफर्डजवळ साउथ हेज इथे राहणाऱ्या प्रिमरोज वॉरबर्ग फेब्रुवारीत निवडक माणसांना घरी बोलावत. आधी बागेत फेरी, मग जेवण. अशा 'स्नोड्रॉप लंच'ची रीत आणखीही काही घरांत होती. आमंत्रण मिळणं हीच मोठी गोष्ट, आणि निघताना हातात काय पडतं ते यजमानाच्या मर्जीवर. हे वर्तुळ उबदार होतं तसं बंदिस्तही. जमीन, मोठं घर आणि ओळखी असलेल्यांचंच ते होतं, हे विसरून त्या जेवणावळींचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

1996 साली वॉरबर्ग वारल्या. पुढच्याच वर्षी केंब्रिजशरचे रोपवाटिकावाले जो शार्मन यांनी 'गॅलँथस गाला' सुरू केला: तिकीट काढून कुणीही यावं, व्याख्यानं ऐकावीत, एकत्र जेवावं आणि विक्रीच्या टेबलांवर तुटून पडावं. 2001 साली बिशप, डेव्हिस आणि ग्रिमशॉ यांचा जाडजूड संदर्भग्रंथ आला आणि हौशी माणसाच्या हातीही नावं पडताळायचं साधन आलं. मोठ्या इस्टेटींनाही हिवाळ्यात दारं उघडण्याचं कारण मिळालं. कोल्सबॉर्न, पेन्सविकची रोकोको बाग, बर्कशरमधलं वेलफोर्ड पार्क, स्कॉटलंडमधलं कॅम्बो. धर्मादाय कामासाठी खासगी बागा उघडणारी नॅशनल गार्डन स्कीम 1927 साली सुरू झाली तेव्हा प्रवेश एक शिलिंग होता. आता तिच्या यादीत खास स्नोड्रॉपसाठी उघडणाऱ्या बागाही असतात. शेतावर तात्पुरतं वाहनतळ, सूप, केक आणि दाराशी चिखल काढायला ब्रश, असा त्या दिवसांचा थाट.

मग पैसा आला. 2012 साली इंटरनेटवरच्या लिलावात 'एलिझाबेथ हॅरिसन' या पिवळ्या खुणेच्या वाणाचा एक कंद 725 पौंडांना गेला. 2015 साली शार्मन यांच्या 'गोल्डन फ्लीस'ला 1,390 पौंड मिळाले, 2022 साली 'गोल्डन टिअर्स'ला 1,850. त्यापाठोपाठ चोऱ्या आल्या. काही मालक आता मोलाची बेटं रस्त्यापासून लांब लावतात, नावाच्या पाट्या काढून ठेवतात. रानातले कंद याआधीच लुटले जात होते. 1980च्या दशकात तुर्कस्तानातून कोट्यवधी कंद युरोपच्या बाजारात गेले, तेव्हा कुठे 1990 साली सगळा वंश साइट्स या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घातला गेला आणि व्यापाराला परवाने लागू झाले.

या चढ्या किमतींना एकच गोष्ट खाली ओढते, ती म्हणजे चाकू. कंदाच्या उभ्या फोडी करायच्या, प्रत्येक फोडीला बुडाच्या चकतीचा तुकडा राहील इतकं जपायचं, त्या ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज) पिशवीत बंद करून ठेवायच्या. काही आठवड्यांत फोडींच्या बेचक्यांत इवले कंद धरतात आणि तीनेक वर्षांत फुलावर येतात. शेकड्यांनी पौंड पडलेला वाण मग काही वर्षांनी गावच्या सभागृहातल्या टेबलावर, केकच्या शेजारी, तीन इंची कुंडीत दिसतो, आणि थंडीनं बधिर झालेल्या बोटांनी कुणीतरी त्याची मान वर करून आत बघत असतं.