कोंडवाडा, गोशाळा, निवारा : एकाच फाटकावरचे तीन शब्द

बेळगावात मोकाट जनावरांचा विषय निघाला की बोलणं हमखास ठेक्यावर येतं. निवारा पालिकेनंच चालवायचा की एखाद्या संस्थेच्या हवाली करायचा, यावर दोन तट पडतात. सुधारणेच्या मागणीचा सगळा भरही त्याच प्रश्नावर आहे. त्या फाटकातून आत जाणारं जनावर कायद्याच्या लेखी कोण आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. घोळ तिथूनच सुरू होतो.

मूळ शब्द कोंडवाडा. त्यामागचा कायदा १८७१चा, गुरांच्या अतिक्रमणाबद्दलचा. कुणाची म्हैस दुसऱ्याच्या ज्वारीत शिरली तर तिला कोंडायचं, मालकानं दंड आणि खुराकी भरून सोडवून न्यायचं. सात दिवसांत कुणी आलं नाही तर नोटीस, आणखी सात दिवसांनी जाहीर लिलाव. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं आणि गावच्या कोंडवाड्याची किल्ली पोलीस पाटलाकडे असे. नोव्हेंबर १९५६मध्ये जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. पुढं १९६६चा त्या राज्याचा स्वतःचा कायदा आला आणि फाटकावरच्या पाटीची भाषा बदलली. पद्धत मात्र तीच राहिली : कोंडा, दंड घ्या, नाहीतर विका.

या कायद्यानं एक गोष्ट गृहीत धरली होती. प्रत्येक जनावराला मालक असतो, आणि आज ना उद्या तो येतो.

बोलताना आपण मोकाट, भटकं आणि बेवारस हे तिन्ही शब्द एकाच अर्थानं वापरतो. कन्नड वर्तमानपत्रांतल्या ‘बिडाडि दन’चंही तेच. प्रत्यक्षात शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत सकाळी फिरणारी गाय बहुतेक वेळा बेवारस नसते. पहाटे धार काढून मालकानं तिला मोकळं सोडलेलं असतं. दिवसभर भाजी बाजाराच्या कचऱ्यावर तिचं पोट भरतं आणि संध्याकाळी ती आपल्या पायांनी गोठ्यात परतते. मालकाचा वैरणीचा खर्च वाचतो, तो गावावर पडतो. ही मोकाट. भाकड झाली म्हणून कायमची सोडून दिलेली ती बेवारस. आणि देवाच्या नावानं सोडलेला वळू या दोन्हींत बसत नाही. इंग्रजी अमदानीत कलकत्त्याच्या उच्च न्यायालयानं असा सोडलेला वळू कुणाचीच मालमत्ता नाही, म्हणून त्याची चोरी होऊ शकत नाही, असं ठरवलं होतं. ज्याची चोरी होत नाही त्याचा दंड कुणाकडून घेणार? पकडणाऱ्या गाडीत मात्र तिघंही दाटीवाटीनं एकत्र चढतात आणि नोंदवहीत एकाच रकान्यात जातात.

वादाचा खरा मुद्दा लिलावाचा आहे. ‘विकू नका, गोशाळेत द्या’ ही मागणी जुनी आहे आणि तिच्यामागची भावना खोटी नाही. पण जुन्या पद्धतीत कोंडवाडा रिकामा होण्याचे दोनच रस्ते होते, मालक किंवा लिलाव. त्यातला दुसरा रस्ता कर्नाटकच्या २०२०च्या गोहत्याबंदी कायद्यानं जवळजवळ बुजला. १९६४च्या कायद्यात १२ वर्षांवरचे बैल आणि म्हशी कापायला अटींवर परवानगी होती. नव्या कायद्यात १३ वर्षांवरच्या म्हशी-रेड्यांपुरतीच ती उरली आणि कत्तलीसाठी विकणंही गुन्हा ठरलं. निपाणीच्या पलीकडे महाराष्ट्रात २०१५पासून बैलांनाही बंदी आहेच. दुभत्या गाईला लिलावात बोली लागते. खोंडाला आणि म्हाताऱ्या बैलाला कोण घेणार? बंदी हवी की नको, हा वेगळा वाद आहे. बंदी आली तेव्हा त्या बैलाच्या पुढच्या वैरणीची तरतूद त्याच हातानं व्हायला हवी होती. जिल्हावार गोशाळांच्या घोषणा झाल्या, पण जनावर सांभाळायचं म्हणजे रोजचा कडबा लागतो, आणि घोषणा वर्षातून एकदाच होते.

सीमेवर यात आणखी एक भर पडते. गोव्याचा गोमांसाचा पुरवठा बराचसा बेळगावकडून होत आला आहे. नव्या कायद्याचं विधेयक विधानसभेत मंजूर झाल्यावर २०२०च्या डिसेंबरात तिथं टंचाई झाली आणि इकडे रस्त्यावरची तपासणी वाढली. गाडी अडवली की आतली जनावरं मुद्देमाल होतात. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार खटला चालू असेतो ती गोशाळेत, पांजरपोळात किंवा तशा संस्थेत ठेवायची आणि खर्च आरोपीकडून वसूल करायचा. खटला लांबतो, वसुली त्याहून लांबते, बैल मात्र रोज खातो. पांजरपोळ, म्हणजे दानावर चालणारा जनावरांचा आश्रय, हा शब्द गुजरातीतला. १८३२मध्ये कुत्री मारण्यावरून मुंबईत दंगल झाली आणि दोन वर्षांनी दानशूर व्यापाऱ्यांनी पांजरपोळ उभा केला. ती धर्मादाय कल्पना, कोंडवाडा ही दंडाची. आज दोन्ही एकाच पत्र्याच्या शेडखाली कोंबल्या आहेत.

कुत्र्यांचा कायदा याच्या नेमका उलट. २००१च्या नियमांनी, आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३च्या नियमांनी, पकडा, निर्बीजीकरण करा, लस द्या आणि उचललं तिथंच सोडा, असं ठरवलं. म्हणजे कुत्र्यांचं केंद्र हा दवाखान्यातला वॉर्ड होता, मुक्कामाची जागा नव्हे. पिंजरे, माणसं, पैसा, सगळ्याचा हिशेब त्याच मापाचा. मग सर्वोच्च न्यायालयाचे आदेश लागोपाठ आले. ऑगस्ट २०२५मध्ये आधी दिल्ली परिसरातली कुत्री उचलून कायमची ठेवा, मग अकरा दिवसांनी रेबीज झालेली आणि अंगावर येणारी सोडून बाकीची परत सोडा. ७ नोव्हेंबरला पुन्हा वेगळं : शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकांतून उचललेली कुत्री तिथं परत सोडायची नाहीत. वॉर्डाचं वसतिगृह करायला सांगितलं, खाटा तेवढ्याच. शिवाय बेळगावच्या कॅम्पचा, म्हणजे लष्करी छावणीचा, कारभार वेगळा. रेषेच्या अलीकडचं कुत्रं पालिकेचं, पलीकडचं छावणी मंडळाचं, आणि कुत्र्याला ती रेषा ठाऊक नाही.

कोंडवाडा तात्पुरता होता तोवर रोगाची धास्ती बेताचीच होती. मुक्काम वाढला की ती वाढते. २०२२मध्ये लम्पी आला तेव्हा बाहेरून उचललेलं जनावर थेट कळपात सोडणं किती महाग पडू शकतं हे कळलं. २०२५च्या नोव्हेंबरात बेळगावजवळच्या प्राणिसंग्रहालयात काही दिवसांत ३०च्या आसपास काळवीट घटसर्पानं गेले. तिथं तर कुंपण होतं, पशुवैद्य होते. नव्या जनावराला काही दिवस वेगळं बांधायला जागा हवी, हे कलम ठेक्याच्या वादात शेवटच्या पानावर जातं.

मराठी मालकांची एक तक्रार याच्याच पोटात आहे. सोडवायची मुदत दिवसांत मोजली जाते आणि नोटीस कन्नडमध्ये असते. यळ्ळूर-उचगावच्या म्हाताऱ्या गवळ्याला ती कुणाकडून तरी वाचून घ्यावी लागते, तोवर खुराकी चढत राहते. भाषेचा जुना झगडा इथं पावतीच्या आकड्यात दिसतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबरच्या त्याच आदेशात महामार्गावरची गुरं हटवून निवाऱ्यात ठेवायलाही सांगितलं आहे. पुणे-बंगळूर महामार्ग निपाणीपासून बेळगावपर्यंत एकामागून एक पंचायतींच्या हद्दीतून येतो. तिथं पकडलेला बैल पंचायतीनं ठेवायचा, रस्तेवाल्यांनी की शहरातल्या आधीच भरलेल्या शेडनं, यावर सध्या प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आहे.