झाडाच्या चिकावर चाललेलं साम्राज्य

इंग्रजांनी जग कशाच्या जोरावर ताब्यात ठेवलं असं विचारलं की बंदुका, आगबोटी, रेल्वे हे सगळे सांगतात, गटापर्चाचं नाव कोणी घेत नाही. हा मलाया, बोर्निओ भागातल्या एका झाडाचा चीक. तुमचं रूट कॅनाल झालं असेल तर बहुतेक तुमच्या दातातही असेल, डेंटिस्ट लोक अजून तोच भरतात.

१० मे १८५७ ला मेरठला उठाव झाला आणि बातमी लंडनला पोचली जूनच्या शेवटी, म्हणजे जवळपास दीड महिना तिकडच्या सरकारला पत्ताच नाही की इकडे काय पेटलंय. तारायंत्र भारतात आलं होतं, पण खांबावरची तार समुद्रात कशी नेणार? उघडी तांब्याची तार खाऱ्या पाण्यात टाकली की करंट पाण्यातच जातो, आणि त्या काळचं रबर समुद्रात फार टिकत नव्हतं.

गटापर्चाची गंमत अशी की रेणू रबराचेच, फक्त साखळीची वळणं वेगळी, त्यामुळे साखळ्या एकमेकींना नीट चिकटून बसतात आणि माल कडक होतो. गरम पाण्यात टाकला की मऊ, हवा तो आकार द्या, गार झाला की परत घट्ट. मलायातले लोक त्याच्या कोयत्याच्या मुठी करायचे, ते बघून माँटगोमेरी नावाच्या डॉक्टरने १८४३ मध्ये नमुने लंडनला पाठवले, आणि १८४८ मध्ये फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने लिहिलं की हा फार चांगला इन्सुलेटर आहे, म्हणजे तारेवर गुंडाळला की वीज बाहेर निसटत नाही. समुद्रतळाच्या थंडीत आणि दाबाखाली तर तो अजूनच छान काम करतो!

तरी लगेच जमलं नाही. १८५८ ची अटलांटिक केबल काही आठवड्यांत बंद पडली. तांबड्या समुद्रातून कराचीपर्यंत टाकलेली तर फारच ताणून टाकली होती, तुकड्यातुकड्याने तुटली, आणि सरकारने हमी देऊन ठेवलेली असल्यामुळे मेलेल्या केबलचे पैसे वर्षानुवर्षं भरत बसावं लागलं. शेवटी प्रवासी जहाज म्हणून तोट्यात गेलेल्या अवाढव्य 'ग्रेट ईस्टर्न'ने १८७० मध्ये मुंबई ते एडन केबल टाकली, पुढे सुएझ, माल्टा करत जूनपर्यंत लाइन इंग्लंडला जोडली गेली, आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. माझ्या मते तोफांपेक्षा हा बदल मोठा, कारण आता व्हाइसरॉयने काय करायचं ते लंडनमधून रोजच्या रोज सांगता यायला लागलं.

याची किंमत भरली जंगलांनी. चीक काढायला सरळ झाड आडवं करायचे, आणि मोठ्या झाडातून निघायचा जेमतेम काही शे ग्रॅम, केबलला मात्र टनांनी लागायचा. सिंगापूरमधली झाडं तर मुंबईची केबल पडायच्या आधीच संपत आली होती. मग १८८५ मध्ये डचांनी जावा बेटावर चिपेतिर इथे लागवड सुरू केली, तिथे पानांतूनही चीक काढायचं तंत्र बसवलं. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पॉलिथिन आलं आणि केबलवाल्यांना झाडाची गरज उरली नाही.