दाखला नाही म्हणून पालिकेच्या शाळेत प्रवेश नाही? खोटं!

जून उजाडला की गोवंडी-मानखुर्दच्या चाळीचाळींत तीच अफवा फिरते: गावच्या शाळेचा दाखला आणला नाही, तर महापालिकेची शाळा पोराला घेत नाही. मग आईबाप रोजी बुडवून जालना नाहीतर बीड गाठतात आणि पोरगं तोवर घरी.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू 1 एप्रिल 2010 पासून. त्याचं कलम 5 सांगतं की पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत जाताना दाखला यायला उशीर झाला, तरी प्रवेश अडवता येत नाही, लांबवताही येत नाही. उलट, दाखला द्यायला टाळाटाळ करणारा जुना मुख्याध्यापकच कारवाईला पात्र ठरतो. (हे कुणी सांगत नाही!) जन्मदाखला नसला तर अंगणवाडीची नोंद किंवा पालकाचं लेखी निवेदनही चालतं. जून सरला? कलम 15 नुसार तरीही नाही म्हणता येत नाही.

हे पहिली ते आठवीपुरतं. 

शाळेने तोंडी नकार दिला तर साध्या कागदावर अर्ज लिहा, दुसऱ्या प्रतीवर पोच आणि शिक्का मागा. पोच मागितली की बहुतेकदा तिथेच सूर बदलतो.